जेवढ्यास तेवढं

दि. ६ जानेवारी

चि. भाऊस अनेक आशीर्वाद. वि. वि.

गेल्या आठवड्यात पेपरात तुझा फोटो पाहिला. फुटबॉल लीगच्या शिस्त समितीचे अध्यक्ष, आणि चेहरा असा की फोटोग्राफरचंही वजन करतो आहेस. नियम मात्र चांगला केलास. धोकादायक टॅकल करून कुणाला जायबंदी केलं, तर तो जखमी खेळाडू पुन्हा सामना खेळेपर्यंत पाडणाराही बाहेर. गेल्या वर्षी एका पोरीचा गुडघा कायमचा गेला आणि तिला पाडणारी तीन सामने घरी बसून चौथ्याला हजर झाली, तेव्हा हा कुठला न्याय, असं मीच तुला विचारलं होतं. म्हणून फोटो दाखवून गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगितलं, हा माझा धाकटा भाऊ. चष्म्याच्या दुकानात लोक तसेही काचा बसेपर्यंत अडकलेले असतात, ऐकून घेतात.

आता खरी बातमी. तुझ्या नियमाचं पहिलं गिऱ्हाईक आपल्याच घरात निघालं. काल चिमीनं समोरच्या संघाच्या स्ट्रायकरची नडगी मोडली. त्या मुलीला सगळे पाकोळी म्हणतात, चणीनं एवढीशी आहे. आणि आपली चिमी केवढी आहे ते तुला माहीत आहे. नाव ठेवलं तेव्हा तीही एवढीशीच होती, त्याला आपण काय करणार. मी तिसऱ्या रांगेत संत्रं सोलत बसले होते. तो आवाज तिथपर्यंत आला. चिमी म्हणते, मी चेंडूसाठीच गेले. मी तिची आई असले तरी दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढते, मला दिसतं. चेंडू केव्हाच पुढे गेला होता आणि ही दोन्ही पाय पुढे करून घसरत गेली. मुद्दाम पाय मोडायला नव्हे, पण रागानं. त्याआधी त्या मुलीनं हिला दोनदा चकवलं होतं.

तेव्हा शिक्षा कर. मामा आहेस म्हणून सूट मागायला हे पत्र नाही. एवढंच सांग की किती दिवस. चिमीला एकतिसावं लागलं. लिफ्ट दुरुस्तीच्या कामानं गुडघे आधीच कुरकुरतात, खेळायची एकदोन वर्षं उरली असं ती स्वतःच म्हणते. या वर्षी तिला कप्तान करणार होते. जेवत नाही. मला तिचा राग येतो आणि दयाही येते, आणि त्या नादात आज एका मास्तरांना भलत्याच काचा बसवून दिल्या.

मामानं भाचीवर माया ठेवावी आणि नियम पाळावा, जमल्यास याच क्रमानं.

तुझी ताई

दि. १३ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. भाचीचं प्रकरण म्हणून मी बैठकीतून उठून जाणार होतो. मग वाटलं, लोक म्हणतील मामा पळाला. म्हणून बसलो आणि चिमीच्या बंदीवर स्वतःच्या हातानं सही केली.

तू ‘किती दिवस’ असं विचारतेस. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि हीच या नियमाची खुबी आहे. शिक्षा मी ठरवत नाही, पाकोळीचं हाड ठरवतं. वजनमाप खात्यात आयुष्यभर हेच केलं. दुकानदाराचं ऐकायचं नाही, गिऱ्हाइकाचंही ऐकायचं नाही. एका पारड्यात शिक्क्याचं वजन ठेवायचं आणि काटा बघायचा. इथे एका पारड्यात तिचे दिवस, दुसऱ्यात चिमीचे. जेवढ्यास तेवढं. माणूस खोटं बोलेल, हाड बोलत नाही.

बाबांच्या दुकानातला तराजू मी जप्त केला तेव्हा तू महिनाभर माझ्याशी अबोला धरला होतास. तो गिऱ्हाइकाच्या बाजूनं झुकतो, मग कुणाचं काय बिघडलं, असं तुझं म्हणणं होतं. पण झुकत होता, हे तूही नाकारलं नव्हतंस.

चिमीला जेवायला सांग. तिच्या उपासानं कुणाचंच हाड लवकर जुळणार नाही.

लोभ आहे तेवढाच राहू दे, सध्या वाढवलास तर पक्षपात दिसेल.

तुझा भाऊ

दि. २० एप्रिल

चि. भाऊस आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या नियमानं आमच्या घराला नवीन नातेवाईक दिला आहे, पाकोळीची नडगी. सकाळी चहाबरोबर तिची चौकशी सुरू होते. चिमी दर आठवड्याला संत्री घेऊन तिच्याकडे जाते आणि प्लास्टर कधी निघणार, एक्स-रे काय म्हणतो, ते विचारून येते. मी दूध प्यायला सांग म्हणून निरोप धाडते. माझी स्वतःची कंबर धरली होती तेव्हा या घरात कुणी एवढं विचारलं नव्हतं.

पण तुझ्या हाडांचा खरेपणा बाहेर कसा चालला आहे तेही ऐक. पुरुषांच्या लीगमधल्या एका गोलकीपरचा अंगठा मुरगळला. माणूस असा की दहा चेंडूंतले आठ त्याच्या पायांमधून जातात. पण त्याला धडकणारा हा समोरच्या संघाचा हुकमी एक्का. झालं, गोलकीपरचा अंगठा काही बरा होत नाही. क्लबनं त्याला सांगितलंय म्हणे, तू आजवर संघासाठी एवढं कधी केलं नव्हतंस, पडून राहा. परवा तोच आमच्या समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कपाट चढवत होता. मी दुकानाच्या दारातून पाहिलं. अंगठा चांगला शाबूत होता, कपाटाखाली.

नियम बदल, भाऊ. शिक्षा हवीच, पण तिची दोरी ज्याच्या त्याच्या पलंगाला बांधून ठेवलीस तर लोक पलंगावरून उठायचेच नाहीत.

उत्तर दे. रागावलास तरी चालेल, पण सविस्तर रागाव.

तुझी ताई

दि. २ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

रागावलो नाही. गोलकीपरचं मला माहीत होतं. त्याच्यासारखे आणखी बरेच पडून आहेत. समितीचे डॉक्टर पाठवले तर प्रत्येक जण हात लावण्याआधीच ‘आई गं’ म्हणतो. डॉक्टर म्हणाले, साहेब, वेदनेला शिक्का मारायचं यंत्र अजून निघालेलं नाही.

नियमात दोष आहे हे मला दिसतं. दुसऱ्या कुणाची भाची अडकली असती तर मी तो कालच बदलला असता. पण आज बदलला तर सारा गाव म्हणेल, मामानं मार्ग काढला. एकूण काय, चिमी माझी भाची आहे म्हणून तिला बाहेर राहावं लागणार. हा अन्याय आहे हे मला कळतं, ताई, आणि तो मीच करतो आहे. माझी झोप उडाली आहे. पण सही मागे घेणार नाही.

पाकोळी परत आली की सगळं आपोआप सुटेल. प्लास्टर निघालं ना?

माया असू दे. तिच्यावर समितीचा अधिकार नाही.

तुझा भाऊ

दि. ११ ऑगस्ट

चि. भाऊस आशीर्वाद. वि. वि.

हाड जुळलं. डॉक्टरांनी खेळायची परवानगी देऊनही बरेच दिवस झाले. आणि परवा पाकोळीनं क्लबला कळवलं की मी आता खेळणार नाही. म्हणजे तुझ्या हिशोबानं चिमीही आता कधीच खेळणार नाही. तिनं बूट कपाटाच्या वर टाकले. मग मला असा संताप आला की मी दुकान बंद केलं आणि केस कापायला गेले.

पाकोळी केस कापण्याच्या दुकानात काम करते, हे तुला ठाऊक नसेल. ओळख द्यायची नाही, असं ठरवून खुर्चीत बसले. तिनं माझ्या गळ्याभोवती कापड बांधलं, आरशात पाहिलं आणि म्हणाली, चिमीचं नाक तुमच्याकडूनच आलेलं दिसतं. तिच्या हातात कात्री होती आणि माझी मान तिच्या ताब्यात होती, त्यामुळे मी फार नम्रपणे हो म्हटलं.

मग ती कापत राहिली आणि बोलत राहिली. पाय ठणठणीत आहे. रोज पहाटे पळते. पण चेंडू घेऊन निघालं आणि डावीकडून कुणी आलं की तिचे डोळे आपोआप मिटतात. डोळे मिटून कसं खेळायचं, म्हणाली. चिमीचा क्लब म्हणतो लवकर ये, तिचा स्वतःचा क्लब म्हणतो मुळीच घाई करू नकोस, तू घरी बसलीस तर त्यांची चिमीही घरी बसते. एके काळी गोल मारायची म्हणून टाळ्या घेणारी मुलगी, आता न खेळून जास्त उपयोगी पडते. आणि चिमी एवढ्या वेळा आली, दर वेळी पाय कसा आहे विचारलं. तू कशी आहेस, हे एकदाही नाही. भाऊ, दूध पी म्हणून निरोप मीच पाठवत होते. मला कापडाखाली ओशाळल्यासारखं झालं.

शेवटी तिनं सांगितलं, तुमच्या मुलीला खरीच शिक्षा द्यायची असेल तर तिला रविवारी मंडईमागच्या मैदानावर पाठवा. तिनं माझ्यावर डावीकडून यावं, पुन्हा पुन्हा यावं, माझे डोळे उघडे राहीपर्यंत. हे काम दुसऱ्या कुणाच्यानं होणार नाही, भीती तिचीच आहे.

पण बंदी असलेल्या खेळाडूनं कुठल्याही मैदानावर चेंडूला पाय लावायचा नाही, हे कलम तुझंच. पकडली गेली तर कायमची हकालपट्टी. तेव्हा परवानगी मागायला समितीला नव्हे, तुला लिहिते आहे.

केस फार आखूड कापले गेलेत. लोभ लांब असू दे.

तुझी ताई

दि. १९ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

अशी परवानगी देता येत नाही. तुझं पत्र मला मिळालेलं नाही. टपालाचा कारभार हल्ली फार ढिसाळ झाला आहे.

दर रविवारी मैदानांची पाहणी माझ्याकडे असते. यापुढचे रविवार मी नदीपलीकडच्या मैदानावर असेन. तिथे कुणी खेळत नाही, पण पाहणी व्हायलाच हवी.

न मिळालेल्या पत्राबद्दल आभार. लोभ तुझ्याकडून मापात कधीच कमी आला नाही.

तुझा भाऊ

दि. ३० सप्टेंबर

चि. भाऊस आशीर्वाद. वि. वि.

पहिल्या रविवारी काय झालं ते सांगते. पाकोळी चेंडू घेऊन आली. चिमी पुढे गेली, आणि ऐन वेळी बाजूला झाली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर तिनं पाठच फिरवली. मला वाटलं पाकोळीला बरं वाटेल. ती भडकली. मी इथे काय वाऱ्याला चकवायला आले का, म्हणाली. तेव्हा कुठे चिमी खाली बसून रडली. तिचा पाय पुढेच जात नव्हता. जानेवारीतला तो आवाज तिच्याही कानात राहिला होता, आणि आम्ही घरात सगळे दुसऱ्याच हाडाची चौकशी करत होतो. पाकोळी तिच्याजवळ बसली आणि तिनं विचारलं, तू कशी आहेस. आम्हाला लाज वाटावी असा प्रश्न, आणि विचारला कुणी, तर नडगी मोडलेलीनं.

त्यानंतर एकही रविवार चुकला नाही. गेल्या रविवारी पाकोळी चेंडू घेऊन निघाली, चिमी डावीकडून आली, पाकोळीचे डोळे टक्क उघडे. चिमी घसरली, एकच पाय, नेमका चेंडूवर. चेंडू गेला आणि पाकोळी धाडकन आपटली. माझ्या हातातलं संत्रं खाली पडलं.

तेवढ्यात पाण्याच्या टाकीमागून एक गृहस्थ धावत आले, टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली. भाचीला ओलांडून ते पाकोळीपाशी गुडघ्यांवर बसले आणि लागलं का पोरी, असं दहा वेळा तरी विचारलं असेल. ती म्हणाली, लागलं, पण चेंडू तिनं घेतला. मग ते गृहस्थ चिमीकडे वळले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेले. नदीपलीकडच्या मैदानावर असणारा माणूस इथे कसा, असं विचारणार नाही. त्यांचा चष्मा नाकावरून घसरत होता तेवढं पाहिलं. येऊन घट्ट करून जा.

पाकोळी पुढच्या महिन्यात खेळते आहे.

तुझी ताई

दि. १६ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

पाकोळी गेल्या महिन्यात खेळली, चिमीची बंदी उठली, आणि परवा दोघींच्या सामन्याला तू तिसऱ्या रांगेत होतीस, मी मानाच्या खुर्चीत. उत्तरार्धात चिमीनं पाकोळीकडून चेंडू काढला तेव्हा रेफरीनं फाउल दिला. तो फाउल नव्हता. अध्यक्षाला तसं बोलता येत नाही, म्हणून खुर्चीचा हात धरून बसलो. पाकोळी मात्र रेफरीशी भांडली, आणि भांडल्याबद्दल पिवळं कार्ड तिला मिळालं.

आजचा पेपर पाहिलाच असशील. ‘नियमानं दोन्ही खेळाडू परत आणले’ असा मथळा आहे. दुसऱ्या दोन लीग आपला नियम जसाच्या तसा घेणार आहेत. काल बैठकीत मी स्वतः उठून म्हणालो की हा नियम बदला, शिक्षेला ठरावीक मुदत ठेवा आणि जखमी माणसाला काय हवं ते आधी विचारा. सगळे हसले. एवढा रामबाण नियम आणि साहेबांचा विनय बघा, म्हणाले. तो चालला कारण मी तो मोडू दिला, हे सांगावं तर चिमीची हकालपट्टी होते. म्हणून हार घालून घेतला. गोलकीपर अजून पलंगावर आहे.

सत्कारात पितळी तराजू भेट मिळाला. घरी येऊन सवयीप्रमाणे रिकामी पारडी तपासली. काटा एका बाजूला झुकतो, अगदी थोडा, बाबांच्या तराजूइतकाच. जप्तीचा हात पुढे गेला होता. मग पुसून खिडकीत ठेवला.

रविवारी चष्मा घेऊन येतो. या वेळी लोभ मोजू नकोस, झुकतं माप दे.

तुझा भाऊ