पवित्र पाण्याच्या वेळी वाजलेला फोन

पेट्रोवूनी, १५ सप्टेंबर

चि. इव्हान्थी हीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या आईने फोनवर जे सांगितलं ते निम्मंच ऐकू आलं, आणि तेवढ्यानेच घास गोड लागेना. म्हणून लिहायला बसलो. माझी इयत्ता चौथी, चुका पोटात घाल.

अकरा तारीख म्हणजे संत इव्हान्थियाचा दिवस, तुझ्या नावाचा. पहिल्या शुभेच्छा आपल्याच पोचाव्यात म्हणून मी नऊलाच फोन लावला. शाळाही त्याच दिवशी उघडते हे डोक्यातून पार गेलं. आई म्हणते, पटांगणात पाद्री पवित्र पाणी शिंपडत होते. मुख्याध्यापिकाबाई नुकत्याच सांगून बसल्या होत्या की यंदा फोन दप्तरात आणि बंद. आणि तुझं दप्तर वाजलं. पाद्र्यांच्या हातातली तुळशीची जुडी वरच्या वर थांबली म्हणे. तू उचलेनास, म्हणून मी घाबरून आणखी तीनदा लावला. गाढव मी.

आता फोन बाईंच्या कपाटात आणि माफीचा कागद तुझ्यापुढे. सही कर, पोरी. शिक्षा झाली तर अठ्ठावीस ऑक्टोबरला, राष्ट्रीय सणाच्या संचलनात शाळेचा ध्वज धरायचा मान जाईल. तो पहिल्या नंबराचा, म्हणजे तुझा. मी इकडे कॉफीच्या दुकानात सगळ्यांना सांगून बसलोय.

गुडघा बरा. शेळ्या बऱ्या. आहे ती माया असू दे.

तुझा आजोबा,
लाम्ब्रोस


यानिना, २१ सप्टेंबर

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

तुमच्या चौथीच्या अक्षरापुढे आमचा अर्धा वर्ग हरेल. अंगठ्याने लिहून लिहून आमची बाकीची बोटं लिहायचं विसरली आहेत.

कागदावर काय छापलंय ते आईने सांगितलं नसेल. "करमणुकीसाठी फोन चालू ठेवला, याबद्दल माफी मागते." करमणूक? जुलैत मी सकाळी दहाला "आजोबा?" असं लिहून पाठवलं आणि तुमची उलट रिंग आली नाही, म्हणून शेजारच्या व्हासो आजीला पळवलं. तुम्ही विहिरीपाशी पडला होतात. तेव्हापासून एकही दिवस न चुकता मी एक शब्द लिहिते आणि तुम्ही एक रिंग देऊन ठेवता. तो फोन मी बंद करायचा?

बाईंना हे सांगितलं, तर म्हणाल्या, सप्टेंबर आला की सगळ्यांचेच आजोबा आजारी पडतात. वर्ग हसला. मी म्हटलं, नियम मोडला असं लिहून देते, पण करमणूक लिहिणार नाही. त्या म्हणाल्या, कागद छापील आहे, सगळे त्यावरच सही करतात. मी म्हटलं, मग सगळेच खोटं लिहितात. इथे बिघडलं.

खरं सांगू? गेल्या वर्षी भूमितीच्या तासाला मी बाकाखाली तासभर मेसेज टाइप करत असे. त्याची माफी मागितली असती तर हसत सही केली असती.

तुमचीच हट्टी,
इव्हान्थी


पेट्रोवूनी, २ ऑक्टोबर

चि. इव्हान्थीस आ.

तुझं पत्र व्हासोकडून तीनदा वाचून घेतलं, चष्मा सापडेना. ती म्हणते, पोरगी तुझ्यावर गेली. मी म्हटलं, तीच तर काळजी.

ऐक. ताठा भाजून खाता येत नाही. एक शब्द छापलाय, त्याने काय अंगाला भोकं पडतात? बाईंशी वैर धरून पुढच्या परीक्षेचं काय? माझी काळजी सोड. मेलो तर चर्चची घंटा वाजेलच. सही करून टाक आणि मला झोपू दे.

काळजीत,
आजोबा


यानिना, १३ ऑक्टोबर

ती. आजोबांस सा. न.

तीन दिवस घरी बसवलं. ध्वज दुसऱ्या नंबरच्या अनार्गिरोसकडे गेला. बिचारा माझ्याकडे तोंड पाडून आला. मी म्हटलं, रडू नकोस, सरळ चाल, काठी जड असते. मी तिसऱ्या रांगेत आहे. तुम्ही रागावला असाल तर खुशाल रागवा, पण रोज दहाला आईच्या फोनवर एक रिंग द्या. माझं बाकी काही मागणं नाही.

इव्हान्थी


पेट्रोवूनी, १९ ऑक्टोबर

चि. इव्हान्थीस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुला न सांगता परवा सकाळच्या बसने यानिनाला येऊन गेलो. तुझ्या बाईंना भेटलो. मनात होतं, पाया पडायची वेळ आली तरी पडेन, पण ध्वज परत आणीन.

बाई वाईट नाहीत. कॉफी दिली. म्हणाल्या, आजोबा, अजून वेळ आहे, आठवड्याभरात सही झाली तर मी शिक्षकांपुढे शब्द टाकते, ध्वज तिचाच. तुमचं ती ऐकेल. आणि तो कागद माझ्या हातात दिला.

मी वाचला. बोट ठेवून, सावकाश. आणि मला एक दुसरा कागद आठवला. दहा वर्षांचा होतो. बापाला शेळ्यांमागे माणूस हवा होता. मास्तरांनी कागद पुढे केला, "स्वखुशीने शाळा सोडतो." मी रडत होतो आणि सही करत होतो. मास्तर म्हणाले, छापील आहे रे, सगळे करतात. हे मी तुझ्या आजीलाही कधी बोललो नाही.

मी बाईंना म्हटलं, फोन मी केला, चारदा केला, लाम्ब्रोस नाव लिहून घ्या आणि काय शिक्षा ती मला द्या. त्या म्हणाल्या, नियम विद्यार्थ्यांसाठी आहे. मी म्हटलं, नियम चांगला आहे, पोरांची मान बाकाखालून वर आली पाहिजे, पण खोटं छापू नका. त्या म्हणाल्या, म्हणजे तुम्ही तिला सांगणार नाही? मी म्हटलं, सांगणार. सही करू नकोस म्हणून सांगणार. आणि कागद त्यांच्यापुढे परत सरकवला.

तुमच्या घरी आलो नाही. तुझं तोंड बघितलं असतं तर विरघळलो असतो, पुन्हा सही कर म्हणालो असतो.

दुकानात सगळ्यांना सांगितलं की पोरगी ध्वज धरणार नाही, आणि का तेही सांगितलं. स्टेर्गिओस म्हणाला, मग एवढ्या लांब जायचं कशाला, टीव्हीवर दाखवतात. मी त्याला म्हटलं, तू टीव्हीच बघ.

अठ्ठावीसला पहिल्या बसने येतोय. ध्वज समोरून जाईल तेव्हा सगळ्यांसारखी मीही टोपी काढीन, तो ध्वजाचा मान आहे. पण तिसरी रांग जाईपर्यंत ती परत डोक्यावर ठेवणार नाही.

लोभ आहेच. वाढवायला जागा उरली असेल तर वाढव.

तुझा आजोबा,
लाम्ब्रोस