बादलीतलं लाल पाणी

मंगळवार, संध्याकाळ

आज एका जागी बसवत नाही, इतका आनंद झालाय. पूरग्रस्तांसाठी ब्लँकेटं कुणाकडून घ्यायची ते ठरलं. तिघा व्यापाऱ्यांनी नमुने दिले होते, त्यातला एक राजारामपुरीतल्या माझ्या मामांच्या दुकानातला. मी काम करते त्या मदत संस्थेत हे नातं आधीच सांगितलं आणि निवडीतून बाजूला झाले. मग शाळेतल्या छावणीत राहणाऱ्या बायकांनीच निवडायचं ठरलं. नमुन्यांवर नावं नाहीत, नुसते आकडे.

सगळे नमुने चाचपून झाल्यावर त्या बायकांमधल्या शेवंताबाई म्हणाल्या, "ताई, कोरडं कुठलंबी ऊबच देतंय. वल्लं करून बघा की." त्यांचं घर दोनदा पाण्यात गेलंय. लगेच बादली आली. मामांचं ब्लँकेट मी बघताच ओळखलं होतं. सगळ्यात मऊ, पण त्याचं पाणी लालभडक झालं आणि पिळताना शिवणच उसवली. ते लाल पाणी बघून मला वाईट वाटायला हवं होतं का? वाटलं नाही. तिघांत फक्त जयसिंगपूरच्या व्यापाऱ्याचं खरबरीत ब्लँकेट होतं तसंच राहिलं. बायकांनी तेच उचललं.

मामांचा फोन आलाच. "घरची पोर असून आमचा माल न्हाय व्हय?"

"मामा, तुमचाही पाण्यात घातला होता. टिकला नाही."

त्यांनी फोन ठेवला. आता आईला काय सांगायचं?

पण निघताना शेवंताबाईंनी माझा हात धरला. "उद्या ट्रक आला की मला हाक मारा. गठ्ठं मी सोडून बघतो, मगच सही करा."

आजवर माल उतरवून घेताना मी एकटीच असायचे.