वस्तरे तयार आहेत

४ जून, सकाळ
लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. डायरी जानेवारीतच मिळाली होती. आधी चष्मा सापडेना, मग पेन, मग पुन्हा चष्मा. जून उजाडला. पण आता लिहिण्यासारखं घडलं आहे. पुतण्याचा फोन आला. त्याने सलून वाढवलंय. म्हणाला, काका, जुन्या पद्धतीच्या दाढीचं लोकांना फार कौतुक आहे, तुमचे वस्तरे जपून ठेवा, बघतो, कळवतो. म्हणजे खुर्ची पक्की. या चौथ्या मजल्यावरून सुटका पक्की.
संकल्प: पाचही वस्तरे आरशासारखे ठेवणे. निरोप आला की पेटी उचलायची आणि निघायचं.

५ जून
पेटी उघडली. दुकान मोडल्यापासून वस्तरे चामड्याच्या पाकिटात होते. चामडं ओल धरतं, त्यात वस्तरा कायमचा ठेवू नये, हे मी जन्मभर लोकांना सांगत आलो. मुलानेच ठेवले असणार. थोरल्यावर, म्हणजे वडिलांच्या वस्तऱ्यावर, बारीक तांबूस डाग. घासून काढला. पाचही जणांना शिलाई मशिनचं तेल पाजलं, जुन्या बनियनमध्ये गुंडाळून फ्रिजवर ठेवलं. उद्यापासून रोज सकाळ-संध्याकाळ तपासणी. धार अंगठ्यानेच बघावी. डोळ्यांना काय कळतं.

९ जून
चार वस्तऱ्यांवर डाग. फ्रिजला घाम येतो, त्याची ओल. सूनबाईला म्हटलं, काही दिवस फ्रिज बंद ठेव. ती म्हणाली, ठेवते, बाबा, मग दूध तुमच्या बनियनमध्ये गुंडाळू का. मुलगी गुणाची आहे, पण हत्यारातलं कळत नाही.
मुक्काम हलवला. कपड्यांचं कपाट, डांबराच्या गोळ्यांच्या शेजारी.

११ जून
मुलाच्या ऑफिसच्या शर्टावर तेल. कपाटातून हकालपट्टी. वस्तरे उशाखाली. पुतण्याचा निरोप नाही. कामात असेल.

१५ जून, रविवार
मुलाने मशिनने माझी दाढी केली. गवत कापल्यासारखा आवाज. म्हटलं, माझी मी करतो. तो म्हणाला, मागच्या वेळी केलीत ना, मग टाके कुणाला पडले. हनुवटीवर व्रण आहे, नाही म्हणत नाही. पण आरसा वाकडा टांगलाय त्याला मी काय करणार. सूनबाई आतून म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. चहा सांडतो त्याचा दोषही माझ्यावरच. कपाचे कान इतके लहान का करतात, ते कोणी विचारत नाही.
न्हावी दिसला की नखं वाढतात म्हणे. या घरात मला बघून कुणाचं काही वाढत नाही.

१७ जून
दाराला नवं कुलूप. आतून उघडत नाही. किल्ली सूनबाईच्या पर्समध्ये. मागे मी दुकानाकडे गेलो होतो, त्याची ही शिक्षा असावी. दुकानाच्या जागी आता औषधांचं दुकान आहे. मी फक्त आत जाऊन गिऱ्हाइकाची वाट बघत बसलो. औषधवाल्याने घरी फोन करायची काय गरज होती? मुलगा म्हणतो, कुलूप चोरांसाठी आहे, बाबा. बरोबर आहे. घरात असे पाच वस्तरे म्हटल्यावर भीती असणारच.

२० जून
पाचव्यालाही डाग लागला. सूनबाई बुटांच्या दुकानात काम करते. तिथून तिने ओल शोषणाऱ्या पुड्या आणल्या, खोक्यात असतात त्या. वस्तरे पुसून, तेल लावून पुड्यांसकट काचेच्या बरणीत भरले. मग म्हणाली, बाबा, सगळे डाग एकाच जागी आणि अंगठ्याएवढेच कसे? तुम्ही दिवसातून दहादा हात लावता, तो घाम आहे. मी म्हटलं, दुकानात हाच अंगठा होता, तेव्हा नाही गंजले. ती म्हणाली, तेव्हा हात लावून झाला की दाढी व्हायची, धुऊन पुसले जायचे. आता हात लावता आणि गुंडाळून ठेवता.
उत्तर होतं, पण तेवढ्यात चहा आला.
तिने झाकण घट्ट लावलं. आता उघडायचं नाही, म्हणाली.

२४ जून
बरणी उघडत नाही. आट्यांमध्येच खोट आहे. फडकं लावून पाहिलं, दाराच्या फटीत धरून पाहिलं. शेवटी बाहेरूनच तपासणी केली. पाचही लखलखीत. माझा हात न लागता लखलखीत, हे लक्षण मला बरं वाटत नाही.

२८ जून
पुतण्या स्वतः आला. लिफ्ट बंद, तरी चार मजले चढून. याला म्हणतात गरज. सूनबाईने बरणी एका झटक्यात उघडली. आटे मी आधीच सैल करून ठेवले होते. कुठे डाग नाही. पुतण्या म्हणाला, वा काका, हात लावायचं धाडस होत नाही.
म्हटलं, बस, तुझीच दाढी करतो. मुकाट्याने टॉवेल लावून बसला. साबण लावला. थोरला हातात घेतला, गालापाशी नेला. पंखा फार जोरात होता. सूनबाईने पंखा बंद केला. तरी कुठून तरी वारा येतच होता. मग पुतण्याने हळूच माझं मनगट धरलं आणि म्हणाला, काका, तुम्ही बसा, आज माझा हात तपासा.
म्हणून माझ्याच गालावर त्याची परीक्षा घेतली. हल्लीचं ते ब्लेड बदलायचं हत्यार. हात हलका आहे. मानेवर उलटा जातो, सांगितलं. पास केला.
जाताना वस्तरे घेऊन गेला. आधी सामान जातं, मग माणूस. मी बूट घालून तयार होतो. तो म्हणाला, काका, एवढ्यात नको, कळवतो. सूनबाईने दाराला कुलूप लावलं.

५ जुलै
फोटो आला. सूनबाईने मोबाइल धरून दाखवला. सलूनच्या भिंतीवर काचेची चौकट. आत पाचही वस्तरे तारेने पक्के बांधलेले. खाली पाटी: आमच्या काकांचे वस्तरे. सूनबाई म्हणाली, किती छान, बाबा, आता कधी गंजायचे नाहीत, कुणाचा हातच लागणार नाही.
खरं आहे. फक्त चौकटीला मागून पुठ्ठा लावलाय. पुठ्ठा ओल धरतो. हे सांगायला फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला.
फोटोत कोपऱ्यात एक खुर्ची रिकामी दिसते. माझीच असणार.
बूट दाराशीच ठेवले आहेत. बाबा रे, पुठ्ठा काढ, आणि मी कधी येऊ ते कळव. जरा लवकर कळव. सकाळपासून अंगठ्याला काही काम नाही.