लोकरीचा डबा खाली ठेवलाय

वन्सं,

तुमच्या भावाचे रिपोर्ट घेऊन मी नारायणगावला डॉक्टरांकडे चाललेय. त्यांना नेत नाही, बाहेर लई घाबरतात. तुम्हाला अजून ओळखतात, म्हणून तुम्हालाच बोलावलं. भाकरी टोपलीत आहे, कालवण तेवढं गरम करून वाढा.

दुपारी ते बेचैन झाले की लोकरीचा डबा पुढ्यात ठेवा. उरलेले तुकडे आहेत, एकमेकांना गाठी मारून ते गुंडे करत बसतात. हाताला चाळा म्हणून मीच शिकवलं. जाड आणि बारीक लोकर एकत्र होऊ देऊ नका, जाडीची मी पायपुसणी विणते. सुया त्यांच्या जुन्या चष्म्याच्या घरात घालून फडताळावर ठेवल्यात, तिथंच असू द्या.

विणलेलं काहीही हाताशी ठेवू नका. नातवाच्या बारशाची दुलई होत आली होती, शेवटची गाठ तेवढी मारायची होती. काल मी धार काढून, डेअरीला दूध घालून, वैरण घेऊन येईपर्यंत ह्यांनी टोक ओढून सगळी उसवली. चार महिन्यांच्या कामाचे नऊ गुंडे, अगदी गोल! मी लई ओरडले. तर गुंडे पुढं करून म्हणाले, "बाई, मजुरी देऊ नका, पण ओरडू नका."

ते नऊ गुंडे पेटीत टाकलेत. पुन्हा विणायला हात उचलत नाही.

दिवेलागणीला ते विचारतील, "ती लोकरवाली बाई आज आली नाही का?" येतेय म्हणा. ती बायको आहे तुमची, असं समजावत बसू नका. मी सांगून दमले.