उताणी मांजर आणि विझलेली भट्टी

चिरसहचारिणी मेरेलिन हिला, बेटावरून गराएचे सप्रेम वंदन.

माझी प्रकृती उत्तम आहे, खोबरेही उत्तम आहे. तुझ्या आईचा गुडघा कसा आहे?

येथील एकमेव विदुषी म्हणजे आपली मांजर. तिच्या निद्राशास्त्राचे मी सांप्रत अध्ययन करतो. गारठ्यात ती शेपटीत नाक खुपसून वर्तुळाकार होते, जेणेकरून देहाची ऊब बाहेर सांडू नये. उष्मा झाला की उताणी होऊन उदर वाऱ्यास अर्पण करते. हा नियम तिने कधीही मोडलेला नाही.

मंगळवारी चांगलाच गारठा असता ती खोबऱ्याच्या भट्टीपाशी उताणी पसरलेली दिसली. मी म्हाताऱ्या बोएला झापले, "सरपण फुकट येतं का? भट्टी कशाला पेटवलीस?"

"डोळे फुटले का, गराए? शनिवारपासून विझलीये. हात घालून बघ."

घातला. राख थंडगार होती. खालची जमीन मात्र गरम होती.

चिंतेचे कारण नाही. डोंगराच्या मुखातून निघणारा धूर नेहमीइतकाच आहे. विदुषीने काल शयनस्थान बदलले. आता ती किनाऱ्यावरील होडीत, चारही पंजे टेकवून, बसल्या बसल्या झोपते. कान डोंगराकडे असतात.

हे पत्र नेणाऱ्या कोळ्याकडे एकच जागा होती. ती बोएच्या बायकोने घेतली. तिला बाजार करायचा आहे म्हणे.

तू व मुले येत्या गुरुवारी तुझ्या भावाच्या बोटीने येणार होतात. येऊ नका. बोट मात्र अवश्य पाठव, रिकामी, आणि जमल्यास बुधवारीच.

मुलांना पापे.

तुझाच,
गराए