कॅन्टीनमध्ये मोठ्याने वाचलेला पेपर

पिंपरी, १३ जानेवारी १९७२

ती. आबांना आणि आईला साहेबरावचा जयभीम.

आज पहिली पाळी करून दुपारी खोलीवर आलो. तब्येत ठीक आहे, जेवण वेळेवर होते. भीमराजची कस्तुरा दोन घास खाते का?

आबा, भीमराज लढाईत गेला, त्याच्या दिवसांना आलो तेव्हा एक गोष्ट तोंडातून निघाली नाही. ऑक्टोबरात रजा संपवून परत जाताना तो माझ्याकडे उतरला, अंगात ताप होता. म्हणाला, "दादा, मिलिटरी दवाखान्यात दाखवून रजा वाढवू का?" मी त्याला पेपर वाचून दाखवला. बोलणी चालू आहेत, युद्ध टळेल, असे त्यात होते. "जा रे, काही होत नाही," म्हटले. तो गेला.

पुढच्याच महिन्यात तोच पेपर लिहू लागला की आता थांबणे हा भित्रेपणा आहे. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये सगळ्यांना पेपर मीच वाचून दाखवतो. माझ्या पाळीतला दत्तोबा टेबल बडवायचा, "साहेबराव, ती ओळ पुन्हा होऊ द्या!" मीही आवाज चढवून पुन्हा वाचायचो. आपला भीमराज तिकडे सीमेवरच आहे, हे तेव्हा मनातही आले नाही. याची फार लाज वाटते.

आईला वाचून दाखवताना एवढे गाळा, असे लिहिणार होतो. पण गाळू नका. कस्तुरालाही ऐकू द्या.

आता स्टोव्ह पेटवून एकट्यापुरता भात टाकतो.

तुमचा,
साहेबराव