मेहुण्याला रोज सकाळी उठवण्याबाबत

मी, खाली सही करणारा, निवृत्त लिफ्ट मेकॅनिक, वय चौऱ्याहत्तर, राहणार चौथा मजला, लिफ्टच्या दारासमोर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. 'पूर्ण शुद्धीत' या शब्दांवर मी आमच्या इमारतीच्या मोबाईल ग्रुपवर सहज मत विचारलं होतं. दोन दिवस धुमश्चक्री चालली. शुद्धी मेंदूत असते की पोटात, यावर मतदान झालं आणि पोट जिंकलं. तेव्हा माझं पोटही ठणठणीत आहे, असं इथे नमूद करतो.

हृदय मात्र थकलं आहे. फार लांबचे बेत करू नका, असं सांगण्यात आलं आहे. मला घरादाराची चिंता नाही. चिंता आहे ती तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या माझ्या मेहुण्याची. माझ्यामागे त्याच्याशी भांडणार कोण?

कलम पहिले. माझी हत्यारांची पिशवी, पाने आणि बॅटरीसह, सध्या आमची लिफ्ट सांभाळणाऱ्या मेकॅनिकबाईंना द्यावी. अट एकच: ग्रुपवर कोणी लिफ्टविषयी ज्ञान पाजळलं तर त्यांनी मूग गिळून बसावं. मी बसलो नाही, म्हणून माझा रक्तदाब वाढला. लिफ्टची दोरी तुटली तर ऐन वेळी उडी मारावी, माणूस वाचतो, असं तिथे छातीठोकपणे सांगितलं जातं. मी हयातभर लिफ्टच्या छपरावर बसून काम केलं. लिफ्टला एकच दोरी नसते, त्या सगळ्या तुटल्या तरी ब्रेक रुळांना पकडतो, आणि त्यातूनही ती पडलीच तर उडीने काही होत नाही, हे मी पुन्हा पुन्हा लिहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. मलाच "जरा वाचन वाढवा" असं सांगण्यात आलं.

कलम दुसरे. तिसऱ्या मजल्यावरच्या विमा एजंटांना मी माझे सर्व अर्धवट वाद बहाल करतो. यांचं प्रत्येक वाक्य 'संशोधन सांगतं' इथून सुरू होतं. कृत्रिम बुद्धिमत्ता माणसाला आळशी बनवते, यावर त्यांनी एक लांबलचक निबंध टाकला होता. त्याच्या शेवटी 'आणखी काही मदत हवी असल्यास सांगा' हे वाक्य पुसायचं राहून गेलं. आमच्या ग्रुपची रीत अशी की ज्याच्या संदेशाला उत्तर येत नाही तो जिंकला. त्या संदेशाला उत्तर आलं नाही, कारण सगळे हसत होते. ते आजही स्वतःला विजयी समजतात. समजू द्यावं.

याच गृहस्थांनी 'नैराश्य हा आजार नाही, रिकामपणाची सवय आहे' असंही लिहिलं होतं. स्वतःला उचकी लागली तरी हे दवाखाना गाठतात. ते वाक्य आलं तेव्हा आमची ही जाऊन चार महिने झाले होते आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून होतो. दाढी नाही, अंघोळ नाही. मुलगी ताट ठेवून जाई आणि तसंच परत नेई. मला तेव्हा मरावंसंही वाटत नव्हतं, कारण त्यालाही उठावं लागतं.

कलम तिसरे, मेहुण्याविषयी. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात रसायनतज्ज्ञ म्हणून निवृत्त झाला. ग्रुपवर कधी अवाक्षर न काढणारा हा माणूस त्या दिवसांत अचानक रोज सकाळी लिहू लागला. उकळलेल्या पाण्याला राग येतो. मोबाईल उशाशी ठेवला की स्वप्नं दुसऱ्याच्या फोनवर जातात. मी वाचायचो, माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि उत्तर द्यायला मी चष्मा शोधायचो. चष्म्यासाठी उठावं लागे. उठलोच आहे तर तोंड धुवावं असं होई.

एके सकाळी त्याने लिहिलं, 'लिफ्ट पडताना उडी मारली तर माणूस वाचतो. आमच्या भावोजींना यातलं कळत नाही.' मी दाढी केली, शर्ट चढवला आणि तळमजल्यावर जाऊन त्याचं दार बडवलं.

"खुळा झालास का?" मी ओरडलो.

"दाढी केलीत वाटतं," तो म्हणाला. "या आत. चहा टाकतो."

"तुला खरंच पटतं हे सगळं?"

"भावोजी, मी जन्मभर पाणी तपासलं. पाण्याला राग येतो असं मला पटेल?"

"मग लिहितोस कशाला?"

"तुम्ही उठता म्हणून."

चहा बेचव होता. मी दोन कप प्यायलो आणि त्याच्यासमोर रडलो.

इथे न्यायाने हेही नोंदवतो की मला मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी बरं केलं. सगळं श्रेय मेहुण्याला देऊ नये, तो डोक्यावर बसेल. पण गोळी घ्यायला उठवलं त्याने.

पुढे तो थांबला नाही, मीही नाही. रोज सकाळी तो चूक लिहितो, मी खोडून काढतो. मात्र अलीकडे माझं उत्तर यायला उशीर झाला की तो जिना चढून येतो आणि दारातून बघून जातो. त्याच्या घरात दुसरं कोणी नाही. मी गेलो की हा भिंतीकडे तोंड करील, हे मला दिसतं आहे.

कलम चौथे. राहतं घर आणि बँकेत असेल ते माझ्या मुलीला मिळावं, या अटीवर की मामा जिवंत आहे तोवर तिने रोज सकाळी ग्रुपवर विज्ञानाचं एक धडधडीत चुकीचं वाक्य लिहावं. मुलगी शाळेत विज्ञान शिकवते. अट ऐकून ती म्हणाली, "बाबा, माझ्या विद्यार्थ्यांचे पालक आहेत त्या ग्रुपवर! माझी अब्रू जाईल."

मी म्हटलं, "जाऊ दे. मामा राहील."

मामाला पहिल्याच दिवशी कळेल. कळलं तरी तो उत्तर देईल, कारण चूक सहन करण्याचा स्वभाव आमच्या दोघांचाही नाही.

कलम पाचवे आणि शेवटचे. पहिल्या सकाळचं वाक्य मुलीने माझ्या फोनवरून, माझ्या नावाने टाकावं. ते असं: 'लिफ्ट पडताना उडी मारली तर माणूस वाचतो. मेहुणा बरोबर होता, मी चुकलो.'

मग त्याला उठावं लागेल, चष्मा शोधावा लागेल, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझी बाजू मांडावी लागेल.

स्थळ: माझ्या स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: ९ मार्च
सही: लिफ्ट मेकॅनिक, निवृत्त

साक्षीदार पहिला: विमा एजंट, तिसरा मजला. (सही केली आहे. उचकीबाबतचा मजकूर अमान्य. संशोधन मागाहून पाठवतो.)

साक्षीदार दुसरी: मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई. (हे गृहस्थ पूर्ण शुद्धीत आहेत. उडी मारून माणूस वाचत नाही, हे त्यांनी सही करताना मला पुन्हा एकदा समजावून सांगितलं.)